आधी चालू करा, मग चमकवा : जुन्या मोटरसायकलींबद्दल वाचकांचे प्रश्न

जुनी मोटरसायकल पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं उभी करायची म्हणणाऱ्यांचे प्रश्न गेल्या अंकात मागवले होते. पत्रं भरपूर आली, त्यातही लातूर-नांदेडकडून जास्तच. सगळी छापणं शक्य नाही, म्हणून ज्यांच्या उत्तराचा बऱ्याच जणांना उपयोग होईल अशी निवडलीत.

प्रश्न : दादा, आमच्या आबांची राजदूत १७५ गोठ्याच्या कडेला कित्येक वर्षं झाली उभी हाय. मला ती सोता नीट करायचीय. मी आयटीआय वगैरे केलेलं नाही, सायकलचं पंक्चर सोडून काही उघडलेलं नाही. मित्र म्हणायलेत सगळी खोलून टाक, चेसिस पावडर कोटिंगला दे, मग इंजिनचं बघू. आबा म्हणायलेत भंगारात घाल. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : मित्रांचं ऐकू नका, आणि आबांना म्हणा थोडं थांबा. पहिल्यांदा गाडी करणारा माणूस अडकतो तो इथंच. उत्साहात एका रविवारी सगळी गाडी खोलली जाते, नट-बोल्ट एका पोत्यात, चेसिस पेंटरकडे, इंजिन मेस्त्रीकडे, आणि मग पेरणी येते नाहीतर लग्नसराई येते, पैसे संपतात, आणि ती गाडी खरंच भंगारात जाते कारण आता ती गाडी राहिलेलीच नसते, सुटे पार्ट असतात. म्हणून माझं ठाम मत आहे की आधी ती आहे तशी, गंजलेली, फाटक्या सीटची, एकदा चालू करून बघायची. चालू झाली की इंजिन कुठं आवाज करतंय, गिअर पडतात का, धूर कोणता येतोय हे सगळं कळतं. आणि महत्त्वाचं म्हणजे नंतर काही बिघडलं तर बिघाड आधीचा होता का जोडताना झाला, एवढं तरी समजतं.

राजदूत ही शिकायला चांगली गाडी आहे. एस्कॉर्ट्सनं पोलंडच्या एसएचएल मोटरसायकलवरून ती आपल्याकडं बनवली, एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, प्लॅटिना पॉइंटचं (उघडझाप करून टिणगी पाडणारे संपर्क) इग्निशन, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. वॉल्व्ह नाहीत, टायमिंग चेन नाही. खेड्यापाड्यात दूधवाल्यांनी कॅन लावून वर्षानुवर्षं पळवली ती याच साधेपणामुळं.

आता गोठ्यातली आहे म्हणून सांगतो, शेणा-मुताच्या ओलीनं गाडी खालून खाल्ली जाते. आधी ती बाहेर उन्हात काढा, धुवा, आणि स्टँडचे सांधे, चेसिसच्या खालच्या नळ्या, रिमची आतली बाजू आणि तारांची मुळं स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं टोचून बघा. टोक आत गेलं तर तिथं वेल्डिंग लागणार, नुसता वरचा गंज असेल तर घाबरू नका. मग एअर फिल्टरचा डबा उघडा. उंदरांनी घर केलेलं असतंच, चिंध्या, भुईमुगाची टरफलं, काय काय निघतं. सायलेन्सरच्या मागच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलंय का बघा, टॉर्च मारून, आणि तारेनं मोकळं करा. ते तसंच राहिलं तर तुम्ही दिवसभर किक मारत बसाल आणि दोष कार्बोरेटरला द्याल.

यातलं काही होईस्तोवर किक मारायची नाही. आधी प्लग काढा, भोकातून चमचाभर टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाडीचं ऑइल) सोडा, रात्रभर राहू द्या, मग किक पायानं न मारता हातानं हळू दाबा. मोकळी फिरली तर पुढं चला.

प्लग कॅपला लावून त्याची धातूची बाजू सिलिंडरच्या फिनला टेकवा आणि किक मारा, निळी टिणगी टच्चकन पडली पाहिजे. हे करताना पेट्रोलची बाटली जवळ नको, आणि प्लग उघड्या भोकाच्या तोंडाशी धरू नका, तिथून पेट्रोलची वाफ येते. टिणगी नसेल तर मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावरचं, वीज तयार करणारं चुंबकी चाक) खिडकीतून पॉइंट बघा, त्यावर काळपट थर बसलेला असतो, बारीक पॉलिश पेपरनं दोन्ही तोंडं घासा, नंतर कोरा कागद मधून ओढा म्हणजे धूळ राहत नाही, आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून पॉइंट पूर्ण उघडलेला असताना गॅप साधारण ०.४ मिमी ठेवा. तरी टिणगी पिवळी, मरतुकडी येत असेल तर पॉइंटला जोडलेला कंडेन्सर बदला, स्वस्तातली वस्तू आहे.

टिणगी चांगली आली की प्लगच्या भोकात ऑइल मिसळलेलं पेट्रोल अगदी थोडं, टोपणभरच टाका, प्लग बसवा आणि किक मारा. दोन-तीन फटके देऊन बंद पडली तर समजा इंजिनमध्ये जीव आहे, अडचण कार्बोरेटरमध्ये. तो उघडा, जेट (पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा स्क्रू) काढा आणि उजेडात धरून बघा, भोक आरपार दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर स्प्रे मारा, नाहीतर वायरमधली तांब्याची एक बारीक तार घाला. सुई, टाचणी घालू नका, भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल ओढते.

पेट्रोल-ऑइलचं प्रमाण सुरुवातीला लिटरला ५० मिली, म्हणजे १:२० ठेवा, पुढं गाडी रुळली की ४० मिलीवर या. बाटलीत नीट हलवून मगच टाकीत.

चालू झाल्यावर एक गोष्ट कान देऊन ऐका. मूठ सोडली तरी इंजिन खाली येत नसेल, आपोआप भुंगाट वाढत असेल, तर लगेच पेट्रोल कॉक आणि स्विच बंद करा. ते क्रँकच्या मॅग्नेटकडच्या ऑइल सीलमधून हवा ओढतंय. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं रबर सील वाळून कडक होतं, हवा जास्त गेली की मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि धरतो. उलट पांढराशुभ्र धूर थांबतच नसेल आणि गिअर ऑइल कमी होत असेल तर क्लचकडचं सील गेलंय. टू-स्ट्रोकमध्ये ही दोन सीलं म्हणजे जीव की प्राण, इंजिन उघडायची वेळ आलीच तर चांगली दिसत असली तरी बदला.

एवढं झालं की मग खोला, पण एका वेळी एकच भाग. पुढचं चाक आणि ब्रेक काढला तर तो नीट करून परत बसवा, मग मागचं. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो, दोन बाजूंनी. बोल्ट त्यांच्याच भोकात दोन आट्यांनी परत लावून ठेवा, जे लावता येत नाहीत ते वेगळ्या पिशवीत घालून चिठ्ठी टाका. साइड कव्हरचे स्क्रू साध्या ड्रायव्हरनं काढायला जाल तर डोकी घासतील, हातोडीनं मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणा, आणि मॅग्नेटसाठी त्याच मापाचा पुलर, म्हणजे ओढून काढायचं हत्यार. मॅग्नेट छिन्नी-हातोडीनं काढणारे मेस्त्री आहेत, त्यांच्या हातात गाडी देऊ नका. ब्रेक ड्रम उघडल्यावर आतली काळी भुकटी फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवाही मारू नका, जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात गेलं की वाईट. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं फेकून द्या.

रंग सगळ्यात शेवटी. आबांना मात्र पहिल्या दिवसापासून जवळ खुर्ची टाकून बसवा, ती गाडी कुठल्या चढाला दम खायची हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

प्रश्न : माझ्याकडं यामाहा आरएक्स १०० आहे, इंजिन जाम झालंय, किक हलतच नाही. मेस्त्री म्हणतो रिबोअर करून नवीन पिस्टन टाकावा लागेल. तो खरं सांगतोय का? आणि मला हे काम स्वतः जमंल का?
– एक वाचक, जिंतूर (जि. परभणी)

उत्तर : न उघडता सांगत असेल तर अंदाज सांगतोय. जाम म्हणजे पिस्टनच धरलाय असं नाही, कधी किकचा गिअरच अडकतो. प्लग काढा, सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल निम्मं-निम्मं टाकून दोन-तीन दिवस सोडा, मग टॉप गिअर टाकून मागचं चाक मागं-पुढं हलवा. किकवर उभं राहून जोर लावू नका, किकचा शाफ्ट मोडला तर काम आणखी वाढतं.

सुटलं तरी हेड आणि सिलिंडर काढून आत बघाच. भिंतीवर बोट फिरवा, उभी रेघ नखाला अडकत असेल तर बोरिंग लागणार, म्हणजे मेस्त्री म्हणतो ते रिबोअर, सिलिंडर आतून कातून थोडा मोठा करायचा. नुसता डाग असेल, नखाला लागत नसेल तर हॉनिंग (भिंत आतून हलकी घासणं) आणि नव्या रिंगांवर भागू शकतं, पण माप लेथवाल्याकडून बोअर गेजनं घ्या, डोळ्यानं नाही.

बोरिंग करायचंच ठरलं तर आधी पिस्टन विकत घ्या आणि तो हातात देऊनच सिलिंडर बोअर करायला सांगा. ओव्हरसाइज ०.२५, ०.५०, ०.७५ अशी मापं मिळतात, पण बाजारातल्या पिस्टनमध्ये कंपनीगणिक बारीक फरक असतो, म्हणून बोअर पिस्टनला जुळवायचा असतो. आणि बोरिंग झाल्यावर पोर्टच्या कडा हलक्या घासून गोल केल्यात का ते विचारा, विसरू नका. टू-स्ट्रोकच्या भिंतीला खिडक्या असतात, कड धारदार राहिली की रिंग तिथं अडकते आणि तुटते, आणि नव्या बोअरची वाट लागते. घाईतला कारागीर हे सोडून देतो.

जोडणं तुम्हाला जमंल. क्रँककेसच्या (सिलिंडरखालचा इंजिनचा डबा) तोंडात स्वच्छ फडकं कोंबा आणि मगच पिस्टन पिनची क्लिप काढा-घाला, ती क्लिप आत पडली तर एका क्षणात चार दिवसांचं काम वाढतं. क्लिपा नव्याच वापरा. पिस्टनच्या खाचेत एक बारीकशी पिन दिसेल, रिंगची दोन्ही टोकं त्या पिनच्या दोन बाजूंना आली पाहिजेत, रिंग फिरलेली असताना सिलिंडर दाबला तर रिंग गेली. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे.

आणि आरएक्समध्ये ऑइलची टाकी वेगळी, पंप आपोआप ऑइल सोडतो. एवढी वर्षं बंद असलेल्या पंपावर पहिल्या दिवशी विश्वास ठेवायचा नाही. नळीतली हवा काढा, आणि पहिल्या टाकीला पेट्रोलमध्येही ऑइल मिसळा, धूर झाला तर होऊ द्या. पंप ऑइल ओढतोय याची खात्री पटली की मग साधं पेट्रोल.

प्रश्न : नमस्कार सर. बाबांची हिरो होंडा सीडी १०० आहे, बाबा आता नाहीत. गाडी त्यांच्याच नावावर, आरसीची मुदत कधीच संपलीय. मला ती नीट करून शाळेत जायला वापरायचीय. भाऊ म्हणतो कागदाचं नंतर बघू, आधी गाडी तयार होऊ दे.
– एक शिक्षिका, केज (जि. बीड)

उत्तर : ताई, भावाला सांगा की कागद आधी. खर्च करायच्या अगोदर आरटीओत जाऊन गाडीचं रेकॉर्ड काय आहे ते बघून या. जुन्या गाड्यांची नोंद पुष्कळदा ऑनलाइन चढलेलीच नसते, मग बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद ऑनलाइन चढवणं) करून घ्यावी लागते आणि त्याला वेळ जातो.

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण, त्याचा फॉर्म २५. मालक वारल्यावर वारसाच्या नावावर करायचा फॉर्म ३१, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. याला कायद्यानं तीन महिन्यांची मुदत आहे, ती गेली म्हणून काम होत नाही असं नाही, दंड भरून होतं. आरसीच हरवलं असेल तर दुय्यम प्रतीचा फॉर्म २६. वर पर्यावरण कर, विमा, पीयूसी, आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट. हे सगळं आधीच लिहून हिशेब मांडा. नूतनीकरणाला गाडी तपासणीला न्यावी लागते, म्हणून दिवे, हॉर्न, ब्रेक, इंडिकेटर चालू पाहिजेत, चकाचक रंग कुणी मागत नाही.

गाडी मात्र तुम्ही नशीबवान म्हणून मिळालीय. सीडी १०० ही १९८५ ची, हिरो होंडाची पहिली मोटरसायकल, ९७.२ सीसी फोर-स्ट्रोक, आणि पुढं स्प्लेंडर आली ती याच घराण्यातल्या इंजिनावर, त्यामुळं आजही पार्टसाठी वणवण होत नाही. दुकानात जाताना जुना पार्ट सोबत न्या, नुसतं नाव सांगून आणू नका. आणि बाबांच्या हातचं काही त्या गाडीवर असेल, टाकीवरचं नाव, हँडलला बांधलेला गोंडा, ते रंगवणाऱ्याच्या हाती पडायच्या आधी काढून जपून ठेवा.

प्रश्न : टाकीत आतून सगळा गंज. मेस्त्री ॲसिड टाक म्हणतो. शिवाय आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्यानं जुन्या गाड्या खराब होतात म्हणतात, खरं का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : संडासचं ॲसिड टाकू नका, ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं आणि धुतल्यावर तासाभरात परत तांबडं दिसायला लागतं. पांढरं व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाचं पाणी वापरा. कॉक काढून भोक बंद करा, आत मूठभर नट टाका (मोजून टाका, तेवढेच परत निघाले पाहिजेत), टाकी गोधडीत गुंडाळून हलवा, मग एक-दोन दिवस भरून ठेवा. ओतून टाकल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, म्हणजे आंबटपणा मरतो, मग साधं पाणी, आणि लगेच आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात वाळवा. वाळल्या वाळल्या आतून टू-टी ऑइल फिरवा. उघडी कोरडी टाकी एक रात्रसुद्धा ठेवू नका.

टाकीला भोक निघालं तर झाळणकाम करणाऱ्याकडं तशीच नेऊ नका. रिकामी वाटणारी टाकी भरलेल्यापेक्षा घातक असते, आत वाफ असते आणि ती स्फोटासारखी पेटते. आधी कितीदा तरी धुवून, पाणी भरून, काम चाललंय तेवढीच जागा पाण्याच्या वर ठेवून मगच ज्योत.

इथेनॉलचं म्हणाल तर हो, खरं आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आपल्याच भागातल्या उसाचं त्यात काही असेल, शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो आणि तो मिळावाच. पण जुन्या गाडीचे रबर त्या काळी अशा पेट्रोलसाठी बनलेले नव्हते. नळी फुगते, मऊ पडते, कार्बोरेटरचा फ्लोट अडकतो. आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, पावसाळ्यात गाडी दोन महिने उभी राहिली की पाणी टाकीच्या तळाला बसतं आणि तिथूनच गंज चढतो. उपाय साधा आहे, पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरचं किट नवीन, इथेनॉल चालणाऱ्या रबराचं टाका, आणि गाडी उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवा.

प्रश्न : चेसिस पावडर कोटिंग करून आणली, वायरिंग नवीन टाकलं, तरी लाइट मिणमिणते, इंडिकेटर लावला की हॉर्न कुई करतो. वायरमन तीनदा येऊन गेला.
– एक वाचक, जालना

उत्तर : अर्थिंग. पावडर कोटिंग म्हणजे प्लॅस्टिकचाच थर, त्यातून करंट जात नाही. चेसिसला जिथं जिथं वायरिंगचा अर्थ टेकतो, इंजिन बसतं, रेक्टिफायर (बॅटरी चार्ज करण्यासाठी एसी करंटचा डीसी करणारा पार्ट) बसतो, तिथली बोल्टाखालची जागा घासून उघडी करा, व्हॅसलीन लावून घट्ट करा. मल्टिमीटर घेऊन बॅटरीच्या निगेटिव्हपासून हेडलाइटच्या बॉडीपर्यंत तपासा, रेझिस्टन्स शून्याच्या जवळ पाहिजे. त्याच वेळी चेसिस नंबर वाचता येतोय का बघा. कोटिंगनं किंवा सँडब्लास्टनं तो बुजला असेल तर आरटीओत नंबरचा पेन्सिलनं छाप घेताना अडचण येईल. अजून कोटिंगला दिली नसेल त्या वाचकांनी नंबरवर टेप लावूनच द्यावी.

प्रश्न : पार्ट कुठं शोधायचे? आणि माझी येझदी ५० वर्षांच्या पुढं गेलीय, तिला व्हिंटेज नंबर घ्यावा का?
– एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : आधी गावातल्याच म्हाताऱ्या मेस्त्रीकडं, त्याच्या माळ्यावर काय पडलंय त्याचं त्यालाच आठवत नाही. मग पुण्याची नाना पेठ, आणि पुण्यातलाच बुधवार-रविवारचा जुना बाजार. जे मिळतच नाही ते बनवून घ्या. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, त्याच्या आधारानं छत्रपती संभाजीनगरात लेथ, ग्राइंडिंग, प्लेटिंगची कितीतरी वर्कशॉप उभी राहिली, बुश, पिन, स्पेसर असलं काम तिथं नमुना दिला की मापात होतं. क्रोम मात्र घरी करायला जाऊ नका, ते रसायन जहरी आहे.

व्हिंटेजचा नियम २०२१ ला आला, ५० वर्षांपुढची आणि मूळ रूपात असलेली दुचाकी त्यात बसते, पण नव्यानं नोंदणीची फी २०,००० रुपये आणि ती गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. तुम्हाला वसमतहून हिंगोलीला तिच्यावर जायचं असेल तर साधं नूतनीकरणच करा.